दोरीचा खांब

भोईघाटच्या पुलावरून सडक जाते आणि त्याच्या पोटातून आगगाडी. खाली गोदावरी. पाहुणे येतात ते गाडी गेली की पायाखाली कसं थरथरतं ते अनुभवायला. मग मधल्या खांबापाशी कठड्याला बांधलेली, पाण्यापर्यंत लोंबणारी दोरी दिसते आणि कुणीतरी विचारतंच, हा नवसाचा खांब ना? लगेच पिशवीतून नारळ निघतो. गावचे म्हातारे लिंबाजी भोई तो काढून घेतात आणि परत पिशवीत घालतात. "घरी न्या, चटणी करा," म्हणतात, आणि मग गोष्ट सांगतात.

पूल बांधत होते तेव्हा बाकीचे खांब मुकाट्याने उभे राहिले, हा एक काही बसेना, असे सांगतात. नदीच्या तळात दगडी विहीर उतरवायची, ती भरायची, तिच्यावर खांब चढवायचा, अशी ती पद्धत. ही विहीर एका खडकावर अडकली होती. खडक फोडायला बुडी मारणारा हवा होता, आणि सगळ्या भोयांत हैबतीसारखा पाणबुड्या नव्हता म्हणे.

भोयांची एक रीत होती. बुडी मारणाऱ्याच्या कमरेची दोरी घरच्या माणसाच्या हातात असायची. खालून हिसका आला की वर ओढायचं, विचारत बसायचं नाही. हैबतीची दोरी लग्न झाल्यापासून त्याची बायको धुरपता धरायची. पण पुलाचं कंत्राट घेतलेल्या गुत्तेदाराने तिला नावेत चढूच दिलं नाही. बाईची सावली बांधकामावर पडली तर खांब बसत नाही, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. "दोरीच धरायची ना? खुंटीला बांधा," तो म्हणाला. पावसाळा तोंडावर होता, त्याला घाई होती. हैबती हो म्हणाला, तिथेच तो चुकला.

धुरपता काठावरून बघत होती. दोरी ताठ झाली. हिसका बसला. पुन्हा बसला. तिला तो काठावर उभ्याउभ्या तळहातांत कळला म्हणे. खुंटीला काय कळणार? "वढा रं, वढा," धुरपता ओरडली. मजूर हुकमासाठी गुत्तेदाराकडे बघत राहिले, आणि गुत्तेदार जेवत होता. तिने पाण्यात उडी घेतली, पोहत तिथवर गेली, तोवर दोरी सैल पडली होती; ओढली तर नुसती दोरीच वर आली.

दुसऱ्या दिवशी विहीर सरकली आणि नीट बसली. मग गुत्तेदाराला वाचा फुटली. नदीने बळी मागितला होता, हैबती आपण होऊन गेला, मोठा पुण्यवान माणूस! विहीर त्याच्यासकट दगड-चुन्याने भरली, खांब चढला, खांबाला शेंदूर फासला, पेढे वाटले. एक पेढा धुरपतेच्याही हातावर ठेवला. चोर तो चोर, वर शिरजोर.

तिने पेढा त्याच्या पायाशी टाकला. सगळ्यांदेखत म्हणाली, "माज्या मानसाला देव करून सुटायला बगता व्हय? त्यो बळी गेला न्हाई. त्यानं दोरी वढली व्हती. तुमी धरली न्हाई."

ओल्या पदराने तिने शेंदूर पुसला आणि हैबतीची दोरी आणून खांबाशी बांधली. गुत्तेदार दोरी कापायचा, ती बांधायची. तो शेंदूर लावायचा, ती पुसायची. पूल झाला, गुत्तेदार मानाची पगडी घेऊन गेला. चूक झाली एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत. त्याच्यामागे लोक शेंदूर लावत राहिले, धुरपता मरेपर्यंत पुसत राहिली.

आजही भोयांची सून पहिल्यांदा पूल ओलांडते तेव्हा इथे थांबते. हात जोडत नाही. दोरीचा वेढा तळहाताला घालून क्षणभर उभी राहते आणि मगच सासरची वाट धरते. आजही कुणीतरी नावेतून येऊन खांबाला शेंदूर फासतं, आणि सकाळी खांब उघडा असतो. नदीचा चमत्कार, असं पाहुणे म्हणतात. लिंबाजीबाबांचं डोकं तिथेच फिरतं.

"नदी कशाला धुईल? आमच्या बाया धुत्यात," ते म्हणतात, आणि पाहुण्याच्या हातात दोरी देतात. "धरा. गाडी जाईस्तवर सोडू नगा."

खालून गाडी जाते, दोरीला हिसके बसतात, आणि धरणारा कुणीही असो, त्याचे हात आपोआप ओढायला लागतात.