चार खात्यांचा एक सुदाम

बोरखडी गावात एक भोळा पाणीवाला राहत होता. नाव सुदाम. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा, त्यात स्वतःचं म्हणून काही घालायचा नाही.

सात वर्षं तो ग्रामपंचायतीत हंगामी होता. तो कायम व्हावा म्हणून त्याची बायको शेवंता सोळा सोमवार करत होती. चौदा झाले होते.

त्या वर्षी गावात डासांमुळे ताप पसरला. घरटी एक माणूस अंथरुणात. तालुक्याहून पत्र आलं की ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी आणि शाळा, या चौघांनी हातात हात घालून काम करावं. चौघांनी आनंदाने हातात हात घातले. मग कामाला हात उरले नाहीत, म्हणून काम सुदामला दिलं.

पहिल्यांदा उपकेंद्राच्या नलिनी सिस्टरनी बोलावलं.

"सुदामभाऊ, उद्या कोरडा दिवस पाळायचाय. ज्याच्या घरी साठवलेलं पाणी दिसेल ते ओतून द्यायचं. डास त्यातच वाढतात. कुणाचं ऐकायचं नाही."

"बरं," सुदाम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पिंपं पालथी केली, रांजण पालथे केले, कोंबड्यांची वाटीसुद्धा सोडली नाही. फिरत फिरत सरपंच राधाक्कांच्या घरी आला. तिथे सत्यनारायण चालला होता. सुदामने चौरंगावरच्या कलशात वाकून पाहिलं. पाणीच होतं, आणि साठवलेलं होतं. त्याने वरचं ताम्हन गुरुजींच्या हातात दिलं, आंब्याची पानं यजमानांच्या हातात दिली आणि कलश अंगणात ओतून आला. मग तीर्थाचं भांडं न्यायला परत आला.

राधाक्कांनी कपाळाला हात लावला. "अरे सुदाम, असं पाणी दिसलं की ओतायचं नसतं रे. वहाणा काढायच्या, हळद-कुंकू वाहायचं, हात जोडायचे आणि आल्या पावली मागे फिरायचं."

"चुकलं अक्का. पुढच्या वेळी तसंच करीन."

पुढची वेळ भाऊसाहेबांची. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेबच म्हणतात. त्यांनी सुदामला शाळेमागच्या तुंबलेल्या गटारावर धाडलं.

सुदामला पाणी दिसलं. त्याने वहाणा काढल्या, हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले आणि आल्या पावली मागे फिरला.

हळद-कुंकू दिसलं की बाईमाणसाचे हात आपोआप जोडले जातात. दुसऱ्या दिवशी गटारावर फूल आलं. तिसऱ्या दिवशी नारळ. चौथ्या दिवशी कुणी फावडं घेऊन आलं, तर बायकांनी त्याला आधी आंघोळ करून यायला सांगितलं. पाचव्या दिवशी सभामंडपासाठी ग्रामपंचायतीत अर्ज आला. डास दुप्पट झाले.

भाऊसाहेब म्हणाले, "सुदाम, डास असतील तिथे हात जोडतात का? आतली माणसं बाहेर काढायची, दारं-खिडक्या लावायच्या, मशीनने धूर सोडायचा आणि अर्धा तास कुणाला आत घ्यायचं नाही. कुणालाच नाही."

"बरं भाऊसाहेब. पुढच्या वेळी तसंच करीन."

मंगळवारी चारी खात्यांची बैठक भरली. तीनदा पुढे गेली होती. तालुक्याचे मोठे साहेब आले होते. समन्वय या विषयावर ते बोलायला उभे राहिले, तेवढ्यात सुदाम चहा घेऊन आत आला. साहेबांच्या मानेवर एक डास बसला होता.

सुदामने चहा खाली ठेवला. साहेबांना दंडाला धरून बाहेर आणलं. मग राधाक्कांना, सिस्टरना, अंगणवाडीच्या ताईंना, हेडमास्तरांना. भाऊसाहेब येईनात, त्यांना खुर्चीसकट आणलं. दारं लावली आणि धूर सोडला.

अर्धा तास उन्हात काय करायचं? साहेब खोकत खोकत चारी खात्यांचे अहवाल वाचू लागले. कोरडा दिवस कोणी पाळला? सुदाम. गटारावर कोण गेलं? सुदाम. घरोघर कोण फिरलं? सुदाम.

"हा सुदाम कोण?"

"तो काय, मशीन घेऊन उभा आहे," सिस्टर खालच्या आवाजात म्हणाल्या.

"चारी खात्यांत काम करणारा हा एकच दिसतो. कायम करा त्याला. शुक्रवारी त्याची ऑर्डर मी स्वतः घेऊन येतो. डॉक्टर आणि औषधंही आणतो."

शेवंताने त्या दिवशी देवापुढे दिवा लावला तो विझू दिला नाही.

भाऊसाहेबांना मात्र घोर लागला. त्यांनी सुदामला समोर बसवलं. "हे बघ, ऑर्डर हातात पडेपर्यंत नीट वाग. साहेबांना असं बाहेर काढायचं नसतं. हार घालायचा, दोन शब्द गोड बोलायचे, त्यांचं काही सामान असेल ते सांभाळून द्यायचं, गाडीत बसवायचं आणि गाव ओलांडेपर्यंत सोबत जायचं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करीन."

शुक्रवारी चारी खाती ग्रामपंचायतीत वाट बघत बसली. सुदाम झेंडूचा हार घेऊन वेशीवर उभा राहिला. जीप आली, थांबली. साहेबांनी एक पाय खाली ठेवला. सुदामने हार घातला. मग तो पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला.

"अरे, मी आत्ताच येतोय."

"आलात हेच खूप झालं साहेब," सुदाम गोड बोलला आणि दार लावलं.

साहेबांना त्या दिवशी आणखी चार गावं होती. त्यांनी घड्याळ बघितलं, गळ्यातला हार बघितला. ड्रायव्हरने विचारलं, "वळवू का?" मागे डॉक्टर मांडीवर खोकी घेऊन बसले होते, त्यांना कुणी विचारलं नाही. जीप वळली. सुदाम ओढा ओलांडेपर्यंत सोबत चालत गेला.

घरी शेवंता ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती.

"अहो, साहेब आले होते का?"

"आले होते."

"औषधं?"

"दोन खोकी होती."

"आणि आपली ऑर्डर?"

"होती की. साहेब काचेतून हात बाहेर काढून ती माझ्यापुढे नाचवत होते," सुदाम वहाणा काढत म्हणाला. "वाऱ्याने उडाली असती गं. मीच नीट घडी करून त्यांच्या बॅगेत घातली, चेन लावली आणि ओढ्यापलीकडे पोहोचवून आलो."