परतीचा दगड

ही गोष्ट मला नीट आठवते, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ती मी एका फिरस्त्याकडून ऐकली, आणि फिरस्ते एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा तशीच सांगत नाहीत. त्यात माझे वय. तळे खिंडीच्या डाव्या अंगाला होते की उजव्या, राणीचे नाव सौदामिनी होते की दुसरेच काही, हे आज विचाराल तर एक सांगेन, उद्या विचाराल तर दुसरे. घडले त्याचा क्रम मात्र मनात पक्का आहे. निदान तसे वाटते. तेव्हा सांगतो.

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता. त्याला प्रवासाचे वेड होते. सिंहासनावर तो बसे, पण अगदी कडेला, उठायच्या बेतात असल्यासारखा. झोपे तो दाराकडे पाय करून, आणि उशाला गाठोडे बांधलेले असे. कोणी न्याय मागायला आले की राजा आधी विचारी, "तुमच्या गावाला कोणत्या वाटेने जातात?" मग वादी एक वाट सांगे, प्रतिवादी दुसरी. वाटेत ओढा आहे की नाही यावर दोघांचे एकमत होई आणि मूळ भांडण तसेच राही.

राजाला आणखी दोन खोडी होत्या. जिथे जाई तिथला एक दगड तो उचलून आणी. राजवाड्यातले एक अख्खे दालन दगडांनी भरले होते, आणि प्रत्येक दगडाचे गाव त्याला पाठ होते. दुसरी खोड अशी, की ज्या वाटेने गेला त्या वाटेने तो कधी मागे फिरत नसे. पुढची वाट खड्ड्यात जात असली तरी तो पुढेच जाई.

नगरावर एक डोंगर होता, डोंगरात एक खिंड होती, आणि खिंडीत दगडांचा मोठा ढीग होता. बाहेर जाणाऱ्याच्या घरच्या माणसाने तिथवर सोबत जावे, एक दगड ढिगावर ठेवावा आणि म्हणावे, "सुखरूप परत ये." म्हणजे तो दगड त्या माणसाची परत यायची वाट राखतो. ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. ढिगाची राखण विरूपनाथ नावाचा मांत्रिक करी. त्याचे वय कोणाला माहीत नव्हते. दगड रोज संध्याकाळी हळूच गुणगुणत आणि तो ते ऐकत बसे.

एकदा राजा असाच निघाला. त्याची मुलगी हेमकला तेव्हा एवढीशी होती, तिचे दुधाचे दात पडत होते. तिने खिंडीत दगड ठेवला, "सुखरूप परत या" म्हणाली, आणि राजा गेला.

तो परत आला नाही. एक वर्ष गेले, पाच गेली, बारा गेली. मग राजपुरोहित राणी सौदामिनीपुढे हात जोडून उभे राहिले.

"राणीसाहेब, बारा वर्षे ज्याची वार्ता नाही, त्याला शास्त्र मृत मानते. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचा दाह करावा लागेल. येत्या पौर्णिमेला."

राणी म्हणाली, "आणि नंतर ते आले तर?"

"पुतळा जळून गेल्यावर आलेल्याला या नगरात राजा म्हणून पाऊल ठेवता येत नाही."

हेमकला तिथून उठली आणि तळ्याकाठी जाऊन बसली. थंडीचे दिवस होते. दूरदेशीचा एक चक्रवाक पक्षी पाण्यावर उतरला होता. तो तिच्याकडे पाहून म्हणाला, "राजकन्ये, तुझा बाप मेलेला नाही. मी येताना त्याला वरून पाहिला. तो डोंगराच्या उतारावर आहे, चालतो आहे, आणि पोचत नाही."

"मी उतार रोज पाहते. तिथे कोणी नसते."

"तुम्हा जमिनीवरच्यांना दिसायचा नाही. विरूपनाथाला विचार. चल, मी वाट दाखवतो."

"तू परका पक्षी. तुला आमची वाट काय ठाऊक?"

पक्ष्याला राग आला. "दर वर्षी येतो मी इथे! परका कसा?"

ती खिंडीत गेली. विरूपनाथाने डोळे न उघडता सांगितले, "तुझा बाप बारा वर्षांपूर्वीच दुसऱ्या वाटेने फिरून आला होता, मुली. घर पायथ्याशी दिसत होते. पण खिंडीत थांबला आणि ढिगातला एक दगड त्याला आवडला. पांढराशुभ्र, मधोमध तांबडी रेघ. उचलला आणि झोळीत टाकला."

हेमकलेचा चेहरा उतरला. "तो मी ठेवला होता."

"होय. इथे लोक दगड ठेवतात, नेत कोणी नाही. हा ढीग म्हणजे खजिना आहे, आणि तो लोकांच्या परतण्याचा आहे. यातले जो नेईल त्याला शाप आहे. तुझ्या बापाने स्वतःचेच परतणे झोळीत टाकले. तेव्हापासून तो नगराकडे एक पाऊल टाकतो आणि नगर त्याच्यापासून एक पाऊल मागे सरते."

"यावर उपाय?"

"तीन प्रवासवेड्यांच्या तीन खऱ्या कबुल्या. पहिलीने तो दिसेल. दुसरीने त्याला ऐकू येईल. तिसरी त्याची स्वतःची हवी, मग दगड जागेवर ठेवता येईल. सोपे समजू नकोस. हे लोक बोलतात पुष्कळ, कबूल काही करत नाहीत."

खिंडीच्या तोंडाशी धर्मशाळा होती. पौर्णिमेच्या दिवशी दुपारी तिथे दोनच पांथस्थ होते. एक तुकोशेट. तो आपले गाठोडे सोडी, पुन्हा बांधी, पुन्हा सोडी. दुसरी सगुणा नावाची पिकल्या केसांची बाई. तिच्याजवळ स्वतःच्या लोणच्याची बरणी होती, आणि कुठल्याही गावचे अन्न ती त्या लोणच्याशिवाय खात नसे.

"सहस्रधारा पाहिलीत का, बाई?" तुकोशेट विचारीत होता. "मी पाहिली. उत्तरेला आहे."

"परवा दक्षिणेला म्हणालात, शेट."

"वारा असला की धार वळते."

"डोंगरही वळतो वाटतं?" सगुणा हसली आणि उठली. "चला, निघते बाई. सुनेने चूल पेटवून ठेवली असेल. वाट बघत असतील घरी."

"हे तुम्ही तीन दिवस म्हणताय. चूल विझली असेल एव्हाना."

हेमकला दोघांसमोर बसली. म्हणाली, "मी या राज्याची राजकन्या. आज सूर्य मावळायच्या आत माझ्या बापाच्या पुतळ्याला अग्नी देतील. तुमच्या तोंडून एकेक खरी गोष्ट मिळाली तर तो वाचेल. जी कधी कोणाला सांगितली नसेल अशी."

तुकोशेट आधी हसला. मग त्याने गाठोड्याची गाठ आवळली, सैल केली, आणि ते बाजूला सारले.

"मी सहस्रधारा पाहिलेली नाही," तो म्हणाला. "मी काहीच पाहिलेले नाही. तयारी मला फार आवडते. निघायला आवडते. चालतोही. पण शेवटच्या वळणाशी आलो की भीती वाटते. मनात जे पाहिले त्याहून ते उणे निघाले तर? मग तिथूनच परत फिरतो. पाण्याचा आवाज मात्र ऐकला आहे. तो खरा आहे."

त्याच क्षणी डोंगराच्या उतारावर एक माणूस दिसू लागला. दाढी पोटापर्यंत, खांद्याला जड झोळी. तो नगराकडे तोंड करून चालत होता, आणि होता तिथेच होता. हेमकलेने हाका मारल्या. त्याने मान वळवली नाही.

मग ती सगुणेकडे वळली. सगुणेने बरणीचे झाकण घट्ट लावले.

"माझे काय असणार, पोरी? मी सरळ बाई."

"आत्याबाई, उन्हे कलली."

सगुणेने बरणी बाजूला ठेवली. "घरी कोणी नाही," ती म्हणाली. "सून नाही, चूल नाही. होते ते सगळे एका साथीत गेले. घरात बसले तर दिवसभर कोणी विचारीत नाही. वाटेवर असले की दर मुक्कामाला कोणीतरी म्हणतेच, 'आजी, जेवलात का?' तेवढ्यासाठी फिरते मी. देव, नद्या, डोंगर, सगळे त्यानंतर."

तुकोशेट खाली पाहत म्हणाला, "जेवलात का, बाई?"

"गप्प बसा हो, शेट," सगुणा म्हणाली, आणि डोळे पुसले.

उतारावरच्या माणसाने मान वळवली. त्याला ऐकू येऊ लागले होते.

हेमकला धावत त्याच्याकडे गेली. चक्रवाक डोक्यावरून उडत होता. तुकोशेट आणि सगुणा मागे खिंडीत विरूपनाथाजवळ उभे राहिले.

"कोण तू?" राजाने चालता चालता विचारले.

"तुमची लेक, बाबा."

"माझी लेक एवढीशी आहे."

"होती."

राजाची चाल मंदावली, पण पाय थांबेनात. हेमकला त्याच्या शेजारून चालू लागली आणि तिने सगळे सांगितले. खाली नगराच्या चौकात पळसाची पाने रचत होते. ढोल वाजू लागला होता.

"कबुली ना? देतो की," राजा म्हणाला. "पूर्वेच्या वाळवंटात मला सात मृगजळे दिसली असे मी सांगत असे. तीनच होती."

काही घडले नाही.

"एका राज्यात मी राजा आहे हे लपवून भाजी विकली. आणि नफ्यात राहिलो."

चक्रवाक वरून म्हणाला, "महाराज, ही कबुली नव्हे, फुशारकी आहे."

खालून धुराची पहिली रेघ उठली. राजाने ती पाहिली. बारा वर्षांत प्रथमच त्याचा चेहरा म्हातारा दिसला.

"बाळ, तू जरा दूर जातेस का?"

"नाही, बाबा. माझ्यासमोरच सांगा."

तो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा होता. "पहिल्या दिवशी नगर मागे सरले ना, तेव्हा मी घाबरलो नाही. मला बरे वाटले. घर दिसते आहे, सगळे सुखरूप आहेत, आणि आणखी एक दिवस वाट आहे. त्यानंतर रोज उठल्यावर मी आधी हेच पाहून घेई, की नगर अजून लांब आहे ना. शाप मला समजला होता. मी तो मोडायला निघालोच नाही."

हेमकला रडली नाही. रागावलीही नाही. कदाचित रागावली असेल, मला सांगणाऱ्याने ते सांगितले नाही. ती एवढेच म्हणाली, "बरे. आता मागे वळा. दगड जागेवर ठेवायचा आहे."

"आलेल्या वाटेने मी परत फिरत नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर बारा वर्षे झाली."

राजा थांबला. त्याचे पाय खरोखरच थांबले. मग तो वळला.

बारा वर्षे तो रोज चालला होता. पाठीशी केवढी वाट पडली असायला हवी होती! पण वळून पाहिले तर खिंड दोन हातांवर होती. ढीग तिथेच, विरूपनाथ तिथेच, तुकोशेट आणि सगुणा तोंडावर हात ठेवून तिथेच. सारा काळ तो खिंडीच्या उंबऱ्यावरच चालत होता. त्याच्या टाचेखालचा खडक पावलांच्या आकाराने झिजला होता.

राजाने झोळी ओतली. दगडांत दगड. हेमकलेने वाकून एक उचलला, पांढरा, तांबड्या रेघेचा, आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो ढिगावर ठेवला. सारा ढीग गुणगुणला, आणि तो आवाज डोंगराला पुरून उरला. झाडे निश्चल झाली. आभाळात चाललेले थवे जागच्या जागी पंख पसरून थांबले. मग नगर आपल्या वेशीसह, तळ्यासह, छपरांवरच्या धुरासह, उठून आल्यासारखे सगळ्यांच्या पायांशी येऊन उभे राहिले.

राजाने वेशीत पाऊल ठेवले तेव्हा पुतळ्याला अग्नी लागून गेला होता. राख उडत होती.

राजपुरोहितांनी त्याला ओळखले, साष्टांग नमस्कार घातला आणि म्हणाले, "महाराज, क्षमा असावी. आपण वारलात."

"मग आता?"

"आता आपल्याला जन्मावे लागेल."

मोठे भांडे आणून तुपाने भरले. त्यात राजाला बसवले, बाहेर काढले, बाळाला पुसतात तसे पुसले. मग नाव ठेवायची वेळ आली. पुरोहितांनी विचारले, "आत्या कोण?" राजाला आत्या नव्हती. हेमकलेने सगुणेचा हात धरून तिला पुढे आणले. सगुणेने राजाच्या कानात नाव सांगितले, आणि त्या दिवसापासून त्या नगरात तिला जेवलात का म्हणून विचारल्याशिवाय कोणी ताट घेत नसे.

शेवटी पुरोहित राणीकडे वळले. "विवाहही आता पुन्हा करावा लागेल. आपली संमती हवी."

राणी सौदामिनीने तुपाने चकाकणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाळाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"मुलगा काय करतो?" तिने विचारले.

राजा सिंहासनाकडे पाहत नव्हता, वेशीकडेही पाहत नव्हता.

"घरी असतो," तो म्हणाला.

लग्न झाले. शाप सरला, राज्याला राजा मिळाला, दालनातले दगड ज्या त्या गावी पोचते झाले.

गोष्ट संपल्यावर मी त्या फिरस्त्याला म्हणालो होतो की पक्षी बोलला, नगर चालले, हे मी मानतो. पण तुपात बसवून माणसाला पुन्हा जन्म देणे हे तुमच्या पदरचे आहे. पुढे पुष्कळ वर्षांनी धर्मशास्त्र जाणणाऱ्या एका विद्वानांना मी भीत भीत विचारले. त्यांनी पोथी उघडून दाखवली: पुतळ्याचा दाह झाल्यावर माणूस जिवंत परतला, तर त्याला तुपात बसवावे, जन्मापासूनचे संस्कार नव्याने करावेत, आणि त्याने आपल्या त्याच बायकोशी पुन्हा लग्न करावे.