सायीची अठरा नखं

सगुणाच्या बाबांचे हात थरथरत होते, आणि न्हाव्याचे हात थरथरायला लागले की गावाच्या दाढ्या वाढतात. मोगरपूर हे डोंगराच्या कुशीतलं इवलंसं संस्थान. इतकं इवलंसं की राणीसाहेबांनी वाड्यात शिंक दिली तर वेशीवरचा शिपाई "शतायुषी व्हा" म्हणे. तिथे भिकाजी न्हाव्याचं नाव मोठं होतं. पण गेल्या थंडीत त्याला ताप आला, आणि जाताना तो ताप हातांतलं बळ घेऊन गेला. आता भिकाजीला पाण्याचा पेलाही न सांडता धरता येत नसे. लोक समजूतदार होते. "घाई नाही हो, भिकाजी," असं म्हणत आणि शेजारच्या गावी जाऊन दाढी करून येत.

घरची चूल कधी पेटे, कधी नुसतीच स्वच्छ राही. सगुणा होती नऊ वर्षांची. भाकरीचा मोठा तुकडा बाबांना द्यायचा आणि "मी मघाशीच खाल्लं" म्हणायचं, हे तिला छान जमे. भिकाजीही "बरं" म्हणे आणि आपल्यातला निम्मा तिच्या ताटात सारे.

एके सकाळी त्यांच्या दारात आबाजीपंत आले. ते वाड्याचे शोभाधिकारी. वाड्यातलं सगळं सुंदर दिसतं की नाही हे पाहणं त्यांचं काम. दिसत नसेल तर ते कापवून घेत. मोती कुत्र्याची शेपटी हलली की फुलदाण्या पडत, म्हणून त्यांनी ती छाटवली होती. तेव्हापासून मोती खूश आहे की नाही हे कुणालाच कळत नसे. आबाजीपंतांचं म्हणणं, खूश आहे.

"भिकाजी, राणीसाहेबांचा नवा निळा मखमली कोच आलाय," ते म्हणाले. "आणि साय त्यावर नखं घासते."

साय म्हणजे राणीसाहेबांची मांजर. दुधावरच्या सायीसारखी पांढरी, डोळे हिरव्या द्राक्षांसारखे.

"टोकं कापून देतो की, पंत," भिकाजी म्हणाला.

"टोकं पुन्हा वाढतात. अठराच्या अठरा नखं मुळासकट काढायची, पुन्हा उगवता कामा नयेत. काम झालं तर राजवैद्याचं तेल तुझ्या हातांना आणि वाड्याचा शिधा तुझ्या घराला. नाही झालं तर वाड्याचं काम दुसऱ्या न्हाव्याला."

भिकाजीने आपल्या हातांकडे पाहिलं. ते अळूच्या पानावरच्या थेंबासारखे हलत होते.

"मी जाते, बाबा," सगुणा म्हणाली. गावातल्या तान्ह्या बाळांची नखं तीच कापायची, बाळ जागं न होऊ देता.

भिकाजीने हत्यारांची धोकटी तिच्या खांद्याला अडकवली. त्यातली नखं कापायची छोटीशी नराणी चांदीसारखी लखलखत होती. "एवढंच बघ, पोरी," तो म्हणाला. "नख कुठे संपतं आणि जीव कुठे सुरू होतो, ते आधी बघायचं. मग हत्यार लावायचं."

वाड्याच्या बागेत ऊन मधासारखं सांडलं होतं. गुलाबी, केशरी, जांभळी फुलं वाऱ्यावर डुलत होती. सोनचाफ्याखाली बसून सगुणाने सायीला मांडीवर घेतलं आणि तिचा मऊ मऊ पंजा हलकेच दाबला. आतून एक चिमुकली, चंद्रकोरीसारखी नखी बाहेर आली. सगुणाने पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. माणसाचं नख बोटावर बसलेलं असतं. सायीचं नख बोटाच्या हाडातूनच उगवलं होतं. ते मुळासकट काढायचं म्हणजे नख काढायचं नव्हतंच. अठरा बोटांची टोकं छाटायची होती.

सगुणाला राजवैद्याच्या तेलाची बाटली दिसली, बाबांचे स्थिर हात दिसले, शिध्यातला गूळही दिसला. मग तिने नराणी धोकटीत ठेवली आणि धोकटीची दोरी बांधली.

त्याच क्षणी सोनचाफ्याची एक कळी टिचकी मारावी तशी उमलली. आतून बोटभर उंचीची परी बाहेर आली. तिचे पंख कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ, त्यांत सात रंग झिळमिळणारे, आणि केसांत दवाचे बारीक बारीक मणी.

"दोरीला गाठ पक्की मारलीस," परी म्हणाली. "आता बाबांच्या तेलाचं काय?"

"तेल हवंय, परीताई. पण असं नको."

परीने तिच्या तळहातावर तीन सोनेरी पाकळ्या ठेवल्या. "या तीन इच्छा. स्वतःसाठी हवं ते माग. पण दुसऱ्या कुणाच्या अंगात काही बदलायचं असेल तर आधी त्याला विचार. त्याने हो म्हटलं तरच ते घडेल. त्याच्या होकाराशिवाय मागितलं, तर जे मागितलं ते मागणाऱ्यालाच होईल. आणि तिन्ही पाकळ्या संपल्या की त्यांची जादू संपली."

सगुणाने विचार केला. एक पाकळी ओठांशी धरून ती म्हणाली, "सायीचं बोलणं मला कळू दे." पाकळी साखरेसारखी विरघळली.

"आली एकदाची अक्कल कुणाला तरी," साय म्हणाली. "चार वर्षं बोलतेय मी."

सगुणा सायीला घेऊन वाड्यात गेली तेव्हा राणीसाहेब निळ्या कोचावर बसल्या होत्या, शेजारी आबाजीपंत उभे होते. कोचाच्या एका हातातून कापूस डोकावत होता. सगुणाने मुजरा केला आणि सगळं सांगून टाकलं: हाडाचं, परीचं, पाकळ्यांचं, अटीचं. खोटं बोलायला तिला भाकरीपुरतंच येत असे.

राणीसाहेब काही दुष्ट नव्हत्या. त्या मांजरीला रोज स्वतःच्या हाताने मलई भरवत. त्या म्हणाल्या, "मग तर सोपंच झालं. हत्यार नको, रक्त नको. पाकळीकडे मागू, नखं आपोआप जातील. सायीला कळणारही नाही."

"विचारावं लागेल, राणीसाहेब."

"विचार मग."

सगुणाने विचारलं. सायीने आधी सावकाश जांभई दिली.

"सांग त्या बाईला," ती म्हणाली, "सकाळी उठून मी नखं रोवते तेव्हा माझी पाठ मोकळी होते. नखांवर मी झाड चढते, नखांवर भिंतीवरून तोल सांभाळते. तिचा कोच मला मुळीच आवडत नाही, पण या वाड्यात बाकी सगळा संगमरवर. रोवू कशात, तिच्या डोक्यात?"

"राणीसाहेब," सगुणा म्हणाली, "साय म्हणते, क्षमा असावी, पण नाही."

"एवढंच म्हणाली? म्यांवम्यांव तर बरंच झालं."

"बाकीचं मांजरांचं असतं काही काही."

आबाजीपंत हसले. "पोरगी मनचं सांगतेय, राणीसाहेब. मांजर कुठं बोलतं?"

साय म्हणाली, "काल पडद्यामागे पेढे खाणारा हाच ना?" सगुणाने हेही सांगितलं. आबाजीपंतांचं हसू मिशीतच राहिलं.

पण राणीसाहेबांना राग आला. "आता मांजराची परवानगी काढायची? उद्या उशीला विचारून डोकं टेकायचं का आम्ही?" त्यांनी सगुणाच्या हातातली एक पाकळी उचलली आणि म्हणाल्या, "अठराही नखं मुळासकट जाऊ देत."

पाकळी विरघळली. सायीचे पंजे होते तसेच राहिले. राणीसाहेबांच्या बोटांची टोकं मात्र धुक्यासारखी विरून गेली. काही दुखलं नाही, फक्त ती नव्हती. हातांची दहा आणि पायांची आठ. करंगळ्या तेवढ्या पायांवर शाबूत होत्या. परी सांगितल्याहून एक जास्त नेत नाही.

राणीसाहेब उठायला गेल्या आणि झोकांडल्या. बोटांवाचून पाय जमिनीला धरेनात. विड्याला हात लावला तर विडा निसटला. कानामागे खाज सुटली आणि ती भागवायला काही उरलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, तेही पुसता येईना.

"दिसायला मात्र अतिशय सुबक, राणीसाहेब," आबाजीपंत म्हणाले. सवयच ती.

राणीसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यात बसलेल्या, शेपटी नसलेल्या मोतीकडे पाहिलं.

सगुणाच्या हातात शेवटची पाकळी होती. ती बाबांच्या हातांसाठी ठेवलेली. घरी जाऊन ती त्यांना विचारणार होती आणि ते हो म्हणणार होते, यात शंका नव्हती.

"मुठीत धर ती," साय हळूच म्हणाली. "तुझ्या बापासाठी आहे."

"बाबांचे हात थरथरतात गं, पण मला थोपटतात तरी," सगुणा म्हणाली. ती कोचापाशी गुडघे टेकून बसली. "राणीसाहेब, तुमची बोटं परत आली तर चालेल?"

राणीसाहेबांना आजवर सगळ्यांनी सगळं दिलं होतं. चालेल का, असं कुणी विचारलं नव्हतं. त्या लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "हो."

सगुणाने पाकळी ओठांशी नेली तेव्हा साय म्हणाली, "वेडी आहेस. पुन्हा मांडीवर घे मला." त्यानंतर ती जे बोलली ते नुसतं म्यांव होतं.

राणीसाहेबांची बोटं परत आली. मोतीची शेपटी आली नाही. पाकळ्या तीनच होत्या.

सगुणा रिकाम्या हातांनी घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. भिकाजी उंबऱ्यावर बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नख कुठे संपतं, ते बरोबर बघितलंस."

तेवढ्यात तुळशीपाशी सोनेरी उजेड झुळझुळला. परी आली होती.

"जादू संपली ना, परीताई?" सगुणाने विचारलं.

"तुझी संपली. माझ्या पदरची थोडी आहे." परी भिकाजीसमोर हवेत थांबली. "बाबा, तुमच्या हातांना हात लावू का?"

"लाव की, पोरी," भिकाजी म्हणाला. "पण थरथरतात हो, सांभाळ. पडशील."

परी हसली. तिने आपले तिळाएवढे तळवे त्याच्या बोटांवर ठेवले. अंगणभर उजेड पसरला, पिवळा, मग गुलाबी, मग दवासारखा पांढरा. तो ओसरला तेव्हा परी नव्हती. हवेत सोनचाफ्याचा वास होता आणि भिकाजीचे हात देवळातल्या समईच्या ज्योतीसारखे स्थिर होते.

दुसऱ्या दिवशी त्या हातांनी त्याने बाभळीच्या ओंडक्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली. बाप-लेक तो वाड्यात घेऊन गेली. सायीने ओंडका हुंगला, दोन्ही पंजे उंच रोवले आणि पाठ अशी ताणली की बघणाऱ्यालाच बरं वाटावं. राणीसाहेबांनी शिधा सुरू केला, आणि आबाजीपंतांना बागेतल्या कुंड्यांची शोभा बघायला पाठवलं, हत्याराशिवाय.

"सगुणा," राणीसाहेब म्हणाल्या, "आता तिचं बोलणं तुलाही कळत नाही. मला तिला जवळ घ्यायचंय. ती हो म्हणते की नाही, कसं कळायचं?"

"पाय मागे घेतला तर नाही, राणीसाहेब. आली तर हो."

राणीसाहेब संगमरवरावर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी आपला तळवा उघडून जमिनीवर ठेवला. सायीने खिडकी बघितली, मग ओंडका बघितला, मग निवांत बसून सगळी शेपटी चाटून काढली. बाहेर दरबार खोळंबला होता. राणीसाहेब हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने साय उठली, चार पावलं चालली, आणि तिने आपला पांढरा पंजा, आत मिटलेल्या सगळ्या नखांसकट, त्या तळव्यावर ठेवला.