चिंगीच्या दारावरची गोणी

एक होतं बंदर. बंदराला होता दगडी धक्का. धक्क्याच्या भिंतीत होतं एक इवलंसं बीळ. त्या बिळात राहायची चिंगी उंदरी आणि तिचं पिल्लू.

काय मजेचे दिवस होते ते! क्रेन करायची कर्रर्र कर्रर्र. हातगाडी करायची खडाड खड. बोटीचा भोंगा वाजायचा भोंऽऽ. गुळाचा वास यायचा, चहाचा वास यायचा, ओल्या दोरांचा वास यायचा. आणि पिल्लू गाढ निजायचं.

मग एक दिवस कामगार म्हणाले, "आमचं ऐका. नाहीतर काम बंद." झाला संप! धक्का चिडीचूप. दाणा सांडेना. चिंगी पिल्लाला घेऊन बाजारात राहायला गेली. तिथं पिल्लू काही निजेना. नुसतं टकामका बघायचं.

एके सकाळी कावळा आला. "अगं चिंगे, इथं काय बसलीस? कामगारांचं ऐकलं. संप मिटला!"

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. येऊन बघते तर काय! दारावर भली मोठी गोणी. संपाच्या दिवशी कुणीतरी तिथंच टाकून गेलेलं. आणि पत्र्यावर बसला होता बोका. मिशा चाटत.

अगं बाई! चिंगीनं पिल्लू दोरखंडाच्या वेटोळ्यात लपवलं. "चूं करू नकोस हं राजा. आलेच मी."

"गोणी, गोणी, बाजूला हो.
माझं दार उघडेना,
पिल्लू माझं निजेना!"

गोणी म्हणाली, "मला का पाय आहेत? भिवा हमाल उचलेल, तर हलेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. भिवा बसला होता डोक्याला फडकं बांधून.

"भिवादादा, गोणी उचल.
गोणी जागची हलेना,
माझं दार उघडेना,
पिल्लू माझं निजेना!"

भिवा म्हणाला, "उचलून ठेवू कुठं? तुझ्या डोक्यावर? इस्माईलचाचा क्रेनची जाळी खाली सोडतील, तर उचलीन."

सरसर, सरसर. चिंगी क्रेनची शिडी चढली. पार वर.

"चाचा, चाचा, जाळी सोडा.
दादा गोणी उचलेना,
गोणी जागची हलेना,
माझं दार उघडेना,
पिल्लू माझं निजेना!"

चाचा म्हणाले, "इथून मला खालचं काय दिसतंय, बेटा? रावजी मुकादम हात वर करेल, तर सोडीन."

वरून चिंगीनं पाहिलं. बोका पत्र्यावरून उतरला. धप्प! चिंगी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"रावजीमामा, हात वर करा.
चाचा जाळी सोडेना,
दादा गोणी उचलेना,
गोणी जागची हलेना,
माझं दार उघडेना,
पिल्लू माझं निजेना!"

रावजी म्हणाला, "चहाशिवाय हात वर जातो का गं माझा? सुंद्रा चहा देईल, तर करीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. सुंद्रामावशीचा चहा उकळत होता. खदखद, खदखद.

"मावशी, मावशी, चहा दे.
मामा हात वर करेना,
चाचा जाळी सोडेना,
दादा गोणी उचलेना,
गोणी जागची हलेना,
माझं दार उघडेना,
पिल्लू माझं निजेना!"

सुंद्रा म्हणाली, "पहिला कप जानूबांचा. ते सगळ्यांत म्हातारे. धक्क्याची रीतच आहे तशी. ते पितील, तर बाकीच्यांना देईन."

जानूबा बसले होते अगदी कडेला. तोंड समुद्राकडे. पाठ सगळ्यांकडे.

"जानूबा, जानूबा, चहा प्या.
मावशी चहा देईना,
मामा हात वर करेना,
चाचा जाळी सोडेना,
दादा गोणी उचलेना,
गोणी जागची हलेना,
माझं दार उघडेना,
पिल्लू माझं निजेना!"

जानूबा म्हणाले, "पितो की. पण मला बोलावलं कुणी? पूर्वी रोज हाक यायची, 'जानूबा, उठा! बोट आली!' आज कुणी हाकच मारली नाही."

झालं होतं काय, रावजीला वाटलं, भिवानं हाक मारली. भिवाला वाटलं, सुंद्रानं मारली. सुंद्राला वाटलं, रावजीनं मारली.

तिकडं बोका दोरखंडाजवळ पोचला. हळू, हळू, हळू.

चिंगी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली,

"जानूबा, उठा! बोट आलीऽऽ!"

जानूबा हसले. इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. "आलो गं पोरी, आलो!"

जानूबा चहा प्यायले. भुर्रर्र!
मावशीनं सगळ्यांना चहा दिला.
मामानं हात वर केला.
चाचानं जाळी सोडली. कर्रर्र, धडाम!
बोका दचकला. शेपटी फुगवून पळाला. म्याँव!
दादानं गोणी उचलली. हुश्श!
गोणी जागची हलली.
चिंगीचं दार उघडलं!

चिंगीनं पिल्लू आणलं. आतल्या मऊ कापसावर ठेवलं. बाहेर क्रेन म्हणाली कर्रर्र कर्रर्र. हातगाडी म्हणाली खडाड खड. भोंगा वाजला भोंऽऽ.

चिंगी घाबरली. "अगंबाई! सवय मोडली असेल की! एवढ्या आवाजात कसं निजणार गं बाळ?"

वाकून बघते तर काय, पिल्लू केव्हाच निजलं होतं.