वरच्या घरची राख

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती मांडीवर बसून ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करू नये.

त्या दिवशी सकाळ रोजच्यासारखीच उजाडली. माघातली थंडी होती. गावाचा पाटील अंगणात उन्हाला पाठ देऊन राखुंडीने दात घासत होता. गोठ्यातल्या धारा काढून झाल्या होत्या. आतून बायकोने विचारलं, "भाकरी आत्ताच थापू का आंघोळ झाल्यावर?" तो उत्तर देणार, एवढ्यात डोंगरावरून एक धनगर उतरून आला. त्याने काठी भिंतीला टेकवली, खांद्यावरचं घोंगडं सावरलं, आणि नुसताच उभा राहिला.

"का रे, मेंढ्या सोडून इकडं कुठं?" पाटलाने विचारलं.

"पाटील, अक्काच्या घरातनं धूर निघत नव्हता," धनगर म्हणाला. "हाळी दिली. मग दार ढकलून बघितलं." त्याने काठी पुन्हा उचलली. "तुम्ही चलाच आता."

पाटलाच्या बोटावर राखुंडी तशीच राहिली.

अक्का ही पाटलाची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं. लहानपणी थंडीत त्याचे हात काकडले की ती ते आपल्या काखेत धरून ठेवायची आणि म्हणायची, "आता हलू नकोस, नाहीतर ऊब सांडेल." पुढे लग्न होऊन ती डोंगराच्या माथ्यावर राहायला गेली. नवरा वारला, तरी ती खाली आली नाही. कुणी म्हटलंच तर म्हणायची, "इथून मला तुमची सगळ्यांची घरं दिसतात. खाली आले तर एकट्या पाटलाचं तोंड दिसेल."

तशी अक्का काही एकटी नव्हती. त्या डोंगरावर लांब लांब अशी बरीच घरं होती आणि त्यांतली बहुतेक म्हाताऱ्या माणसांची होती. थंडी पडली की वरचा वारा चूल सहजी पेटू द्यायचा नाही. म्हणून गावाने फार पूर्वीपासून एक रीत पाळली होती. मार्गशीर्ष लागला की चावडीपुढे एक शेकोटी पेटायची, ती थंडी सरेपर्यंत विझू द्यायची नाही. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. ज्याची पाळी असेल त्याने मडक्यात निखारे भरायचे, वरच्या घरी न्यायचे, तिथल्या चुलीत घालायचे, आणि कालची राख त्याच मडक्यातून खाली आणायची. त्या राखेत गावाचं कडधान्याचं बियाणं घोळून ठेवत, म्हणजे त्याला कीड लागत नसे.

त्यामुळे वरची माणसं निखारे घेताना कधी लाजली नाहीत. ती राख देत होती. तिच्यावर गावाचं बियाणं टिकत होतं.

अक्का तर राखेत आणखी काही द्यायची. पाळीवाल्याने मडकं भरायला घेतलं की ती म्हणायची, "जरा खाली उकर." उकरलं की एखादं भाजलेलं रताळं निघायचं. ते खाईपर्यंत माणूस बसायचा. बसला की अक्का बोलायची. आणि बोलताबोलता तो कधी तिची लाकडं आत आणून ठेवायचा, कधी छपरावरचं सरकलेलं कौल सारखं करायचा. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पण आत गेलेल्या माणसाला जे समोर दिसतं, ते तो करतोच.

त्या वर्षी पीक चांगलं आलं आणि माणसांना वेळ पुरेना. चावडीवर कुरबुर सुरू झाली.

"वर जायचं म्हणजे दिवस मोडतो," एक जण म्हणाला. "खळं उघडं टाकून मी मडकी वाहत फिरू का?"

"आणि अक्काकडं पाळी आली की बायको विचारते, आता जेवायला याल का थेट शिमग्याला?" दुसरा म्हणाला. सगळे हसले.

तिसरा म्हणाला, "मागच्या खेपेला मला माझ्याच बारशाची हकिकत सांगत बसली. मी म्हटलं, अक्का, मी होतो की तिथं. तर म्हणते, तू झोपला होतास."

पाटीलही हसला. तो वाईट माणूस नव्हता. गावाचं भलं व्हावं आणि वरच्या कुणाचे हालही होऊ नयेत, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी तोडगा सांगितला. थंडी लागायच्या आधीच प्रत्येक घरी गाडीभर वाळकी लाकडं, गोवऱ्यांची रास आणि एकेक चकमक पोचती करायची. मग रोज निखारे न्यायला नकोत, शेकोटी जागवायला नको, पाळी नको.

"आणि राख?" कुणीतरी विचारलं.

"राख आपल्याही चुलीत होते की," पाटील म्हणाला.

तोडगा सगळ्यांना पसंत पडला. गाड्या लागल्या. सगळ्यात चांगली लाकडं पाटलाने अक्काच्या घरासाठी काढून ठेवली. पण तो स्वतः गेला नाही, गाडीवानाला पाठवलं. गाडीवानाने लाकडं अंगणापलीकडे भिंतीच्या कडेला सुरेख रचली, चकमक अक्काच्या हातात दिली आणि निघाला.

"अरे, राख कोण नेणार?" अक्काने विचारलं.

"आता राख नेत नाहीत, अक्का. टाका परसात."

अक्का म्हणाली, "बरं. माझ्या पाटलाला सांग, दारातल्या पायरीचा दगड हलतोय. पाय ठेवला की डुगडुगतो. येऊन तेवढा बसवून जा म्हणावं."

गाडीवानाने निरोप सांगितला. पाटील त्या वेळी दोन माणसांशी बोलत होता. "बरं, संक्रांतीला जातोच आहे तिळगूळ घेऊन, तेव्हा बघतो," तो म्हणाला.

त्या गावाने काढलेल्या तोडग्याची बातमी शेजारच्या गावांत पसरली. तिकडचे पाटील पाहायला आले. घराघरापुढची लाकडांची चवड पाहून त्यांनी मान डोलावली. "आमच्याकडं अजून मडकी वाहतात," एक जण म्हणाला. "तुम्ही शहाणे." संक्रांतीला पाटलाच्या घरी असे पाहुणे होते. तिळगूळ त्याने डोंगराकडे निघालेल्या एका वाटसरूबरोबर पाठवला. "अक्काला म्हणावं, रथसप्तमीला नक्की येतो," असा निरोप दिला. वाटसरूने पुडी दारात ठेवली आणि तो पुढे गेला. त्याची वाट लांबची होती.

मग थंडी वाढली. धुकं डोंगरावरून दुपारपर्यंत उठेना. खालून वरची घरं दिसेनाशी झाली. कुणाला त्याची काळजी वाटली नाही. लाकडं पोचली होती.

रथसप्तमीला पाटील गेला नाही. बैल आजारी होता.

आणि आता तो धनगराच्या मागोमाग डोंगर चढत होता. वाट गवताने बुजत आली होती. एवढ्याशा दिवसांत वाट बुजते, हे त्याला माहीत नव्हतं.

अंगणात आल्यावर त्याला आधी लाकडं दिसली. रचलेली चवड वरून जरा उतरली होती, बाकी तशीच होती. मग त्याने पायरीकडे पाहिलं. दगड एका बाजूला कलंडला होता. त्याच्याजवळ दोन ओंडके पडले होते, हातातून सुटल्यासारखे.

अक्का आत चुलीजवळ होती. पडल्यावर ती तिथपर्यंत सरपटत आली असावी. पाय सुजला होता. चूल गार होती. चकमक उशाशी होती, पण पेटवायला घरात काही उरलं नव्हतं. लाकडं अंगणापलीकडे होती.

पाटील खाली बसला. त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, आणि मग काखेत धरले. बराच वेळ तो हलला नाही.

"पाटील," शेवटी धनगर हळूच म्हणाला, "हे बघा."

भिंतीला लागून मडकी ओळीने मांडली होती. सगळी राखेने भरलेली, वर फडकी बांधलेली. अक्काने राख परसात टाकली नव्हती. कुणीतरी न्यायला येईल म्हणून ती ठेवत गेली होती. शेवटचं मडकं अर्धंच भरलं होतं. पाटलाने त्यात हात घातला. राख गार होती. खाली उकरल्यावर हाताला काहीतरी लागलं. सुरकुतून गेलेलं एक रताळं.

ते त्याने खाल्लं नाही आणि टाकलंही नाही. धोतराच्या सोग्यात बांधलं.

तेव्हा त्याला उमगलं. निखारे पोचवायला माणूस उंबऱ्याशी आला तरी पुरतं. राख न्यायची तर त्याला आत चुलीपर्यंत जावं लागतं. चूल काल पेटली की नाही ते राख सांगते, आणि आत गेल्यावर माणूस दिसतो. रीत घालून देणाऱ्यांनी बियाण्याचं निमित्त केलं होतं. गावाने निमित्तालाच काम समजलं, आणि काम उरकलं.

अक्काची माती झाल्यावर पाटलाने चावडीवर माणसं जमवली. त्याने कुणाला बोल लावला नाही.

"उद्यापासून पाळी सुरू," तो म्हणाला.

"पण पाटील, लाकडं तर आहेत की वरती सगळ्यांकडं," कुणीतरी म्हणालं.

"असू देत लाकडं. राख आणायला जायचं."

पहिली पाळी त्याने स्वतः घेतली. पलीकडच्या कड्याजवळ एक म्हातारा राहायचा, त्याच्याकडे तो मडकं घेऊन गेला. म्हाताऱ्याने त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं. "वाट चुकलात का पाटील? का लाकडं मोजायला आलात?"

"राख न्यायला आलोय, बाबा."

"उशिरा आलात."

"होय," पाटील म्हणाला, आणि चुलीपुढे बसून राख भरू लागला. जरा वेळाने म्हाताऱ्याने आपणहून दार लोटलं, वारा येऊ नये म्हणून. मग त्याने अक्काबद्दल विचारलं. पाटलाने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. नंतर म्हणाला, "दुपारी मी रोज बघायचो तिच्या धुराकडं. दिसेना, तेव्हा वाटलं, धुकं असेल."

त्या थंडीत वरचं आणखी कुणी दगावलं नाही. पुढच्याही थंडीत नाही. रीत पुन्हा रुळली, आणि वाटेवरचं गवत पायाखाली दबलं. माणसं पूर्वीसारखीच कुरकुरत वर जात आणि उशिरा परत येत. अक्काच्या मडक्यांतल्या राखेत त्या वर्षीचं हरभऱ्याचं बियाणं घोळलं, त्यातल्या एका दाण्यालाही कीड लागली नाही. लोक पाटलाला ते सांगायला आले. पाटलाने नुसती मान हलवली.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, बोध एवढाच आहे: गरजेची वस्तू दारात ठेवली म्हणजे माणसाची काळजी घेतली असं होत नाही, त्याच्या चुलीपर्यंत जावं लागतं.

पाटील पुढे पुष्कळ जगला. दर थंडीत तो वरच्या प्रत्येक घरी जाऊन यायचा, आणि येताना अक्काच्या रिकाम्या घरावरूनही यायचा. पायरीशी क्षणभर थांबायचा.

तो दगड मात्र त्याने कधीच बसवला नाही.