मुंगळ्याला सुट्टी कोण देणार?

सांगते, सांगते. आधी नीट आडवे व्हा दोघं. कोपर माझ्या पोटात नको. उशी ओढायची नाही. मी दमलेय, तुम्ही दमलाय, आणि आजच्या गोष्टीत तर सगळेच दमलेत. तेव्हा हळू आवाजात सांगणार. ऐका.

एक होतं कुत्र्याचं पिल्लू. काळं काळं, एवढुस्सं. त्याचं नाव मुंगळ्या.

मुंगळ्या होता हैबतीकाकांचा. हैबतीकाकांकडे होती गुरं. सकाळी गुरं माळावर चरायला जायची. मागे मागे काका जायचे. आणि गुरांच्या भोवती, गोल गोल, मुंगळ्या जायचा. तुरुतुरु, तुरुतुरु!

गाय डावीकडे पळाली, मुंगळ्या डावीकडे. म्हैस उजवीकडे गेली, मुंगळ्या उजवीकडे. कुणी ऐकलं नाही, तर मागून जाऊन टाचेला हळूच चिमटा. दातांचा! कुच्च! की चालली म्हैस मुकाट्याने पुढे.

सवयच लागली होती त्याला. हैबतीकाकांची बायको म्हणजे यसाकाकू. यसाकाकू पाण्याला निघाल्या, की हा त्यांच्याही भोवती गोल गोल. "अरे मेल्या, मी काय म्हैस आहे का?" काकू ओरडायच्या. पण मुंगळ्याला आपली माणसं, आपली गुरं, सगळी एका जागी लागायची. एक इकडे, एक तिकडे, हे त्याला खपायचंच नाही.

संध्याकाळी गुरं गोठ्यात यायची. काका अंगणाचं कवाड लावायचे. खटाक्! मग मुंगळ्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. म्हणायचे, "झालं रे, सुट्टी!"

सुट्टी म्हटलं, की काम संपलं. सुट्टी म्हटलं नाही, तर काम संपलं नाही. मग मुंगळ्या बसायचा नाही, झोपायचा नाही. होताच तसा तो.

आणि एके दिवशी काय झालं? संध्याकाळ झाली. गुरं आली. पण कवाड लागलं नाही. खटाक् झालं नाही. डोक्यावर हात आला नाही. मुंगळ्याची सुट्टी राहूनच गेली!

मुंगळ्या इतका दमला होता, इतका दमला होता, की त्याचं शेपूटसुद्धा हलत नव्हतं.

मुंगळ्या गेला काकांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. काका ओट्यावर बसले होते. एक चप्पल पायात, एक चप्पल हातात.

मुंगळ्या म्हणाला,
"काका, काका, सुट्टी द्या ना!
सुट्टी मिळाली की मी झोपेन!"

काका म्हणाले, "नाही रे बाबा, दमलो मी. पायाचे तुकडे पडलेत. कधी एकदा आत जातोय आणि जेवून पडतोय असं झालंय. पण तांबू वासरू बाहेरच बसलंय ना! तांबू आल्याशिवाय कवाड नाही. कवाड लागल्याशिवाय सुट्टी नाही. जा, आधी तांबूला आण."

एरवी मुंगळ्याने काय केलं असतं? मागून गेला असता. टाचेला चिमटा. कुच्च! पण आज अंगात त्राण कुठे होतं? आज तो पुढून गेला आणि विचारत बसला.

तांबू बाभळीखाली बसला होता. मुंगळ्या गेला तांबूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"तांबू, तांबू, आत ये ना!
तांबू आला की कवाड लागेल,
कवाड लागलं की सुट्टी मिळेल,
सुट्टी मिळाली की मी झोपेन!"

तांबू म्हणाला, "नाही रे बाबा, दमलो मी. दिवसभर उड्या मारल्या. गुडघे दुखतात. आई हंबरल्याशिवाय मी उठत नाही. जा, आधी आईला सांग."

तांबूची आई म्हणजे पवळी गाय. ती गोठ्याच्या अंगणात उभी होती. मुंगळ्या गेला पवळीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पवळी, पवळी, हंबर ना!
पवळी हंबरली की तांबू येईल,
तांबू आला की कवाड लागेल,
कवाड लागलं की सुट्टी मिळेल,
सुट्टी मिळाली की मी झोपेन!"

पवळी म्हणाली, "नाही रे बाबा, दमले मी. घशाला कोरड पडलीय. आवाज कुठून काढू? पाणी प्यायल्याशिवाय मी हंबरत नाही. जा, आधी काकूंना सांग."

यसाकाकू भरलेल्या हंड्याशेजारी बसल्या होत्या. दोन्ही हातांनी कंबर दाबत होत्या. मुंगळ्या गेला काकूंकडे. तुरु... तुरु... जीभ बाहेर. हॅ हॅ हॅ.

"काकू, काकू, पाणी ओता ना!
पाणी ओतलं की पवळी हंबरेल,
पवळी हंबरली की तांबू येईल,
तांबू आला की कवाड लागेल,
कवाड लागलं की सुट्टी मिळेल,
सुट्टी मिळाली की मी झोपेन!"

काकू म्हणाल्या, "नाही रे बाबा, दमले मी. हापसा मारून मारून खांदे भरून आलेत. आणि ओतू कुठे? डोणीत कोंबडी जाऊन बसलीय!"

डोण म्हणजे गुरांचं पाणी प्यायचं दगडी भांडं. ते रिकामं होतं. त्यात कोंबडी बसली होती, आरामात.

"तिच्या डोक्यावर ओतू का हंडा? कोंबडी उठल्याशिवाय मी पाणी ओतत नाही. जा, आधी कोंबडीला सांग."

मुंगळ्या गेला कोंबडीकडे. तुरु... तुरु... मध्येच थांबला. पुन्हा तुरु...

"कोंबडी, कोंबडी, ऊठ ना गं!
कोंबडी उठली की पाणी ओततील,
पाणी ओतलं की पवळी हंबरेल,
पवळी हंबरली की तांबू येईल,
तांबू आला की कवाड लागेल,
कवाड लागलं की सुट्टी मिळेल,
सुट्टी मिळाली की मी झोपेन!"

कोंबडी म्हणाली, "नाही रे बाबा, दमले मी. ही बघ पिल्लं पंखाखाली. दिवसभर चिवचिव, चिवचिव! आत्ता कुठे गप्प झालीत. आणि नेऊ कुठे त्यांना? आमच्या डालग्यात तो बोका घुसलाय!"

डालगं म्हणजे कोंबड्यांची झोपायची टोपली. आडवी पडली होती. आणि आत कोण? बोकोबा! गुबगुबीत, पिवळे, लोळत पडलेले.

"डालगं मिळाल्याशिवाय मी उठत नाही. जा, आधी बोक्याला सांग."

मुंगळ्या गेला बोकोबांकडे. आता तुरुतुरु नाही हं. आता पाय ओढत. फरर... फरर... फरर... डोळे मिटायला लागले होते. तुमचेही लागलेत. लागू देत.

"बोकोबा, बोकोबा, बाहेर या ना!
डालगं मिळालं की कोंबडी उठेल,
कोंबडी उठली की पाणी ओततील,
पाणी ओतलं की पवळी हंबरेल,
पवळी हंबरली की तांबू येईल,
तांबू आला की कवाड लागेल,
कवाड लागलं की सुट्टी मिळेल,
सुट्टी मिळाली की मी झोपेन!"

बोकोबांनी एक डोळा उघडला. म्हणाले, "नाही रे बाबा, दमलो मी."

मुंगळ्याने विचारलं, "तुम्ही कशाने दमलात?"

"झोपून झोपून."

"मग मी आधी कुणाला सांगू?"

"कुणालाच नको," बोकोबा म्हणाले. "मला काहीच नकोय. मी उठतच नाही." आणि डोळा मिटून घेतला.

घ्या! आता काय करणार? आता जायला पुढे कुणीच उरलं नाही. बिचारा मुंगळ्या! त्याला रडूच आलं. ऊं... ऊं... सगळे इकडे तिकडे. वासरू बाभळीखाली, गाय अंगणात, काकू हंड्यापाशी, कोंबडी डोणीत. कवाड उघडं ते उघडंच. असं असताना झोपायचं तरी कसं?

मग मुंगळ्याचं रडू थांबलं. रडायलाही जोर लागतो ना! आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं. अरेच्चा! आपण हे काय करत बसलोय? विचारतोय! आपण कधी म्हशीला विचारतो का? "म्हशीबाई, म्हशीबाई, येता का?" छे! आपण गुरं हाकणारे. आपण मागून जातो.

आणि समोर कोण होतं? बोकोबा.

मुंगळ्या गेला मागच्या बाजूला. एक शब्द बोलला नाही. पोट जमिनीला टेकवलं. डोळे बोकोबांवर. सरकला पुढे. सर्र. अजून पुढे. सर्र. डालग्याच्या फटीतून बाहेर आलं होतं शेपूट. गुबगुबीत, पिवळं.

मुंगळ्याने हळूच काढला चिमटा.

कुच्च!

"म्यांऽऽव!" बोकोबा ताडकन उठले, डालग्यातून बाहेर आले आणि थेट छपरावर!

मग काय विचारता!

डालगं मिळालं, पिल्लं आत पळाली. चिवचिव चिवचिव!
पिल्लं आत गेली, कोंबडी उठली. फडफड फडफड!
कोंबडी उठली, काकूंनी पाणी ओतलं. धबधब धबधब!
पाणी ओतलं, पवळी प्यायली. घटाघट घटाघट!
पाणी प्यायली, पवळी हंबरली. हंम्माऽऽ!
पवळी हंबरली, तांबू उठला. टणाटण टणाटण, आईकडे!
तांबू आला, काका उठले. "आई गं, पाय!" म्हणाले, पण उठले.
आणि कवाड लागलं. खटाक्!

सगळे आत. सगळे एका जागी. मुंगळ्याने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. काका, काकू, पवळी, तांबू, कोंबडी, पिल्लं. बोकोबा छपरावर, पण तेही घराचंच छप्पर. चालेल.

आता सुट्टी!

पण काका काय करत होते माहितेय? काका पुन्हा ओट्यावर टेकले होते. मान खाली. डोळे मिटलेले. घुर्रर्र...

मुंगळ्या काकांसमोर जाऊन उभा राहिला. बसला नाही. भुंकला नाही. नुसता उभा. पाय लटपट, लटपट. डोळे मिटायचे. पुन्हा उघडायचे. डोकं खाली जायचं. पुन्हा वर यायचं. तरी उभाच.

काकूंनी ते बघितलं.

"अहो! अहो, ऐकलंत का? त्याला सुट्टी द्या की! केव्हाचा उभाय. उभ्या उभ्या पडेल हो ते लेकरू!"

काका खडबडून जागे झाले. समोर बघतात तर मुंगळ्या.

"अरे माझ्या राजा," काका म्हणाले. "माझ्या लक्षातच राहिलं नाही रे. तू माझ्याहून दमलायस."

काकांनी हात पुढे केला. मोठा, खरबरीत हात. मुंगळ्याच्या एवढ्याशा डोक्यावर ठेवला.

"झालं रे बाळा. सगळे आले. सुट्टी!"

धप्प!

मुंगळ्या होता तिथेच पडला. आणि पडला कुठे? काकांच्या पायावर! गोल झाला, नाक शेपटीत घातलं आणि झोपला. लगेच. घुर्र... घुर्र...

आतून काकूंची हाक आली. "चला, जेवायला या. भाकरी गार होतेय."

"कसा येऊ?" काका हळूच म्हणाले. "पायावर हा झोपलाय."

"मग ओढा की पाय!"

काकांनी मुंगळ्याकडे बघितलं. त्याचं पोट वर व्हायचं, खाली व्हायचं. वर, खाली. काकांचा पाय दुखत होता. भूक लागली होती. कधी एकदा आत जाऊन पडतो असं झालं होतं.

"नको," काका म्हणाले. "आत्ता कुठे झोपलाय तो."

काकू बाहेर आल्या. त्यांनी मुंगळ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि परत आत गेल्या. ताट घेऊन आल्या. आपलंही ताट आणलं. काकांच्या शेजारी ओट्यावर बसल्या. दोघंही तिथेच जेवले, अगदी हळू आवाजात बोलत.

काकांचा पाय पार अवघडला. पण काकांनी तो हलवला नाही.