बद्द वाजणाऱ्या पट्ट्या

"पण सर, दोन वर्षं माझीच राळ सरस ठरत होती. याच महिन्यात तिला काय झालं?"

अभिनंदन मगदूमने मोडलेल्या बारा पट्ट्या हुपरीकर सरांच्या टेबलावर मांडल्या. सहा जुन्या राळेच्या, सहा त्याने स्वतः तयार केलेल्या नव्या राळेच्या. कार्बनच्या कापडाचे थर राळेत बसवून केलेल्या अशा पट्ट्यांचे पुढे कृत्रिम पाय व्हायचे होते. यंत्रात वाकवल्या, तर बाराही जवळपास सारख्याच भाराला मोडल्या.

त्याची पीएच.डी. नव्या राळेवर उभी होती.

मिरजेच्या माळावरच्या त्या कार्यशाळेत सरांची तीस वर्षं गेली होती. बोलणं मोजकं.

"चाचणी कशी आखली होतीस?"

"चोख, सर." त्याची मान जरा ताठ झाली. "कापड एक, भट्टी एक, दिवस एक. यंत्रावरच्या माणसालासुद्धा कळू दिलं नाही, कुठली पट्टी कुठल्या राळेची ते."

"आणि थर लावणारीला?"

...

थर आक्काताई लावायची. रूळ फिरवून आतला एकेक बुडबुडा बाहेर काढायची. गेल्या महिन्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. या बारा पट्ट्या तिच्या जागी आलेल्या माणसाने केल्या होत्या.

"तिला मीच सांगितलं होतं, सर. डबा खाताना. म्हटलं, मावशी, निळ्या डब्यातली राळ माझी आहे हं."

"काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, 'लई कवतिक करू नगंस रं लेकरा, दिष्ट लागंल तिला.'"

सर उठले. आक्काताईच्या टेबलाखालून त्यांनी चिंध्यांचं पोतं ओढलं. पोत्यामागे पट्ट्यांची चळत होती. प्रत्येकीवर निळ्या खडूचा ठिपका.

"काल आवरताना सापडल्या. एकवीस आहेत."

त्यांनी खिशातून नाणं काढून एका पट्टीवर वाजवलं. बद्द. दुसरीवर वाजवलं. तीही बद्द. आत बुडबुडा राहिला की पट्टी अशीच वाजते, आणि कमी भाराला मोडते. आक्काताई नाणं वाजवून बघते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बद्द वाजलेली लपवून ती दुसरी करून ठेवते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"यात जुन्या राळेची..."

"एकही नाही."

अभिनंदनने एक पट्टी हातात घेतली. पाचची बस सोडून आक्काताई एकटीच टेबलाशी बसलेली त्याने कितीदा पाहिली होती. त्याला वाटायचं, म्हातारीला घरी करमत नसेल. एकदा त्याने तसं चेष्टेत विचारलंही होतं. "व्हय की," म्हणाली होती ती, आणि रूळ फिरवत राहिली होती.

तो खाली बसला.

मग त्याने वही उघडली. 'नवी राळ' अशा मथळ्याखाली दोन वर्षांचे आकडे होते, सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक. त्याने पहिला आकडा खोडायला पेन टेकवलं.

"सगळं खोटं निघालं, सर."

सरांनी त्याचं मनगट धरलं.

"आकडे खोडू नकोस, ते खरे आहेत. फक्त वर राळेचं नाव आहे, तिथे आक्काताईचं लिही."